वणवा, तापलेली माती आणि रुजवण : प्रकल्प नोंदी

४ मार्च

शीर्षक लिहून नेलं होतं : ‘वणव्यामुळे बिया रुजतात का?’ मॅडमनी वाचलं, ‘वणव्यामुळे’वर आडवी रेघ ओढली आणि समासात तीन प्रश्न लिहिले. किती अंश? किती मिनिटं? किती खोल?

“अगं, ज्वाळा केवढ्या होत्या याच्याशी बीला काय करायचंय? तिच्या अंगाला लागलेली माती किती तापली तेवढं बोल.”

थोडा राग आला. पण घरी येऊन विचार केला तर खरंच, माझ्या टिपणात आग होती, धूर होता, राख होती. माती कुठेच नव्हती.

झाडं ठरली : शिरीष, बहावा, बाभूळ. तिघांच्याही बिया टणक. बीजावरणात खांबासारख्या उभ्या पेशींचा घट्ट थर असतो, त्यातून पाणी आत जात नाही. आतला गर्भ जिवंत, तयार, फक्त कोरडा. याला भौतिक सुप्तावस्था म्हणतात. शिंबावर्गीयांत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या झाडांत, ही सर्रास दिसते, भेंडीच्या कुळातही, आणि भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टससारख्या झुडपांतही. चौथं कुसळी गवत घेतलं. त्याची तऱ्हा अगदी वेगळी आहे, म्हणूनच.

९ मार्च

दिवसभर बिया निवडल्या. काल रात्री शिरीषाच्या १०० बिया नुसत्या पाण्यात टाकून ठेवल्या होत्या. सकाळी १७ फुगलेल्या. टणक म्हणायच्या आणि १७ फुगतात?

लेन्सखाली धरल्यावर उलगडा झाला. १७ पैकी ११ बियांना सुईनं टोचल्यासारखं गोल भोक. भुंगेरा आतून बाहेर पडलेला. आतलं बरंचसं खाऊन झालेलं, पाणी मात्र बिनबोभाट आत. असल्या बिया फुगतात आणि सडतात. उरलेल्या ६ खऱ्या अर्थानं मऊ, म्हणजे निसर्गतःच आवरण थोडं सैल असलेल्या. त्या कुठल्याही ढिगात असायच्याच.

आता प्रत्येक बी दोन्ही बाजूंनी बघूनच डबीत. डोळे दुखायला लागलेत.

१५ मार्च

भट्टीशी भांडण. तबकडी १०० अंशांवर, आतला दिवाही विझलेला, म्हणजे तापली. पत्र्याच्या डबीत बिया घालून ठेवल्या आणि त्यांच्यात थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजायची, तार खोचली. बियांमधलं तापमान १०० च्या जवळ यायला ७ मिनिटं लागली! म्हणजे ‘१०० अंश, १० मिनिटं’ असं वहीत लिहिलं असतं तरी बियांना जेमतेम ३ मिनिटं मिळाली असती. मागची बॅच याच पद्धतीनं केली होती. ती रद्द.

नवी पद्धत : ॲल्युमिनियमचा ट्रे आधीच भट्टीत तापवायचा, त्यावर बिया एका थरात पसरायच्या, दार झटकन लावायचं. आता दीड मिनिटात तापतात. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, “ताई, पापड भाजताय का?” दिसतं तसंच.

गट असे : न तापवलेल्या, ६०, ८०, १०० आणि १२० अंश, प्रत्येकी १० मिनिटं. एका बशीत २५ बिया, प्रत्येक गटाच्या ४ बशा. ब्लॉटिंग पेपर, ऊर्ध्वपातित पाणी, रोज सकाळी मोजणी. मूलांकुर २ मिलिमीटर बाहेर आला की ‘रुजली’.

२४ मार्च

मोठा घोळ. सगळा माझाच.

मऊ बिया किती ते पुन्हा तपासावं म्हणून शिरीषाची एक डबी रात्रभर पाण्यात ठेवली होती. सकाळी पाणी ओतून दिलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. परत येऊन तीच डबी ‘८० अंश’ची समजून ट्रेवर पसरली. १० मिनिटांनी ट्रे बाहेर काढल्यावर लक्षात आलं, काही बिया मुळातच टपोऱ्या फुगलेल्या आहेत.

फेकून देणार होते. मॅडम म्हणाल्या, “फेकू नकोस. फुगलेल्या एका बशीत लाव, न फुगलेल्या दुसऱ्या बशीत. चुकून का होईना, चांगला प्रयोग झालाय.”

३१ मार्च

त्या घोळाचा निकाल आला आणि तो बाकी सगळ्या आकड्यांपेक्षा बोलका आहे.

फुगलेल्या बिया एकूणएक मेल्या. बोटानं दाबल्या तर आतून पिठूळ पांढरं बाहेर येतं, वर करड्या बुरशीची लव. त्याच डबीतल्या, त्याच ट्रेवर, तेवढीच १० मिनिटं तापलेल्या न फुगलेल्या बियांपैकी मात्र निम्म्याहून जास्त रुजल्या. एकच उष्णता. एकीला दार उघडून देणारी, दुसरीला शिजवणारी.

कारण सरळ आहे. पाणी प्यालेल्या जिवंत पेशी ६० अंशांच्या आसपास फार तग धरत नाहीत. कोरड्या बीतली प्रथिनं पाण्यावाचून जणू गोठलेली असतात, ती बरंच जास्त सोसतात. टणक बीचं मर्म इथे आहे असं मला आता वाटतं. आवरण पाण्याला अडवतं, म्हणून माती ओली असली तरी आतला गर्भ कोरडाच राहतो, आणि कोरडा आहे म्हणून आगीत टिकतो. शेजारची मऊ बी पहिल्या सरीत फुगते; त्यानंतर आग आली तर ती संपलीच.

म्हणून वणवा कोणत्या महिन्यात लागतो हेही पाहायला हवं. ‘किती अंश’ एवढ्या एका प्रश्नानं भागत नाही.

२ एप्रिल

मुख्य मोजणी, शिरीष, १०० पैकी. न तापवलेल्या ८, ६० अंशांच्या ११, ८० च्या ५४, १०० च्या ६७, १२० च्या ३. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या शिंबावर्गीय झुडपांवर जी कामं झाली आहेत त्यांतही ८० ते १०० अंशांचा पट्टाच सगळ्यात फलदायी ठरला आहे आणि १२० ला मरण सुरू होतं. आपला शिरीष त्या रांगेत बसला.

बहाव्यानं नाक मुरडलं. १०० अंशांनाही थोड्याच रुजल्या. न रुजलेल्या चिमट्यानं दाबल्या तर खडा. मेलेल्या नाहीत, बंदच आहेत. काही कापून टेट्राझोलियममध्ये (जिवंत पेशींना लाल करणाऱ्या द्रावणात) ठेवल्या, गर्भ लालबुंद झाला, म्हणजे जिवंत. ‘रुजली नाही’ आणि ‘मेली’ हे दोन वेगळे रकाने केले. आधी एकच होता, लाज वाटते.

बाभूळ दोघांच्या मधे.

६ एप्रिल

पाणी नेमकं कुठून शिरतं? तापवलेल्या आणि न तापवलेल्या शिरीषाच्या बिया निळ्या रंगाच्या पाण्यात ठेवल्या आणि दर तासाला काही काढून कापल्या.

न तापवलेल्या आतून कोऱ्या. तापवलेल्या बीत रंग सगळीकडून येत नाही. बी शेंगेला जिथे चिकटलेली असते त्या नाभीच्या अगदी शेजारी एक बारीकसा उंचवटा असतो, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. तिथून निळा ठिपका आत उतरतो, मग दोन्ही दलांच्या मधल्या फटीत पसरतो. उंचवट्याच्या जागी आता खड्डा. बूच उडालं!

मला वाटत होतं की उष्णतेनं सगळं टरफल तडकतं. तसं काही नाही. आवरणात एक कमकुवत जागा राखलेली असते, उष्णतेनं तिथल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि तेवढंच बूच निघतं. बाकी आवरण जसंच्या तसं. एकदा निघालेलं बूच परत बसत नाही, म्हणजे आता पाऊस आला की रुजायचं नाहीतर सडायचं.

शिरीषाच्या जातभाईची एक गोष्ट मॅडमनी सांगितली. १७९३ मध्ये चीनमधून गोळा केलेल्या रेशमी शिरीषाच्या बिया लंडनच्या संग्रहालयात वाळवलेल्या नमुन्यांबरोबर होत्या. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात तिथे आग लागली, बंबवाल्यांनी पाण्याचे फवारे मारले, आणि त्या बिया रुजल्या. १४७ वर्षांनी. उष्णता आणि पाठोपाठ पाणी, याच क्रमानं.

१० एप्रिल

लोखंडी ट्रेमध्ये माती, त्यात थर्मोकपल चार पातळ्यांवर : पृष्ठभाग, १, २ आणि ५ सेंमी. वर वाळका पालापाचोळा. मोकळ्या अंगणात, वारा नसताना, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. रानात काडी ओढायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरलंय.

पाला चार मिनिटांत जळून गेला. वरची तार ४०० च्या पुढे. १ सेंमीवर ८४. २ सेंमीवर ५७. ५ सेंमीवर सुरुवातीला २९ होतं ते ३३ झालं. वर भडका उडालेला असताना ५ सेंमीवरच्या बीला फार तर दुपार झाल्यासारखं वाटलं असेल.

माती उष्णतेची वाहक म्हणून फारच वाईट, आणि आपल्या दृष्टीनं हे बरंच आहे. वरच्या अर्ध्या सेंमीतलं मरतं, त्याखाली एक पातळसा पट्टा असा मिळतो जिथे ८० ते १०० अंश काही मिनिटं टिकतात, त्याखाली काहीच घडत नाही.

१२ एप्रिल

तोच ट्रे, पण आधी माती पाणी घालून ओली केली. १ सेंमीची तार चढत चढत ९५ ला आली आणि तिथेच अडकली. पाणी वाफ होऊन जाईपर्यंत त्याच्या पुढे जाईना. खालच्या तारा तर जेमतेम हलल्या. ओली माती म्हणजे बिया सुरक्षित, असं काल रात्री वहीत लिहून ठेवलं होतं. आज ते खोडलं. ओल्या मातीत मऊ बिया फुगलेल्या असतात आणि त्यांना ९५ ची गरजच नाही, ६० पुरे. घोळातल्या बशा आठवल्या.

१३ एप्रिल

पाल्याऐवजी मनगटाएवढ्या वाळक्या लाकडाचा तुकडा. ज्वाळा लगेच विझली, तुकडा मात्र तीन तास धुमसत राहिला. दिसायला काहीच नाही, थोडा धूर. २ सेंमीवर १७० च्या वर. ५ सेंमीवर ८८, आणि तिथे ते तासभर टिकलं.

रुबाबदार ज्वाळेनं वरवर चाटलं आणि निमूट धुमसणाऱ्या ओंडक्यानं खोलवर भाजलं. त्या जागी राख पांढरीशुभ्र उरली. पाल्याच्या जागी काळी. पांढरी राख म्हणजे इंधन पूर्ण जळलं, उष्णता जास्त आणि दीर्घ. रानात ही खूण उपयोगी पडेल.

२२ एप्रिल

धुराचा भाग. मधमाश्यांसाठीच्या धुराड्यात वाळकं गवत पेटवून धूर तासभर पाण्यातून बुडबुड काढला. चहाच्या रंगाचं पाणी, वास आठवडाभर अंगाला.

१९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत दाखवून दिलं गेलं की तिथल्या ‘ऑडौइनिया कॅपिटाटा’ या झुडपाच्या बियांना उष्णता नको असते, धूर हवा असतो. मग धुरातलं नेमकं काय, याचा शोध सुरू झाला. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे तो रेणू वेगळा काढला. पुढे या कुळाला कॅरिकिन नाव मिळालं. नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातल्या नुंगार भाषेत ‘कॅरिक’ म्हणजे धूर. साधा सेल्युलोज जळतानाही हे तयार होतं आणि अतिशय विरळ प्रमाणातही बीला कळतं. धुराचं एकच गमक मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘एमेनँथे’ या वर्षायू रोपाला धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड पुरतो, हे १९९७ मध्ये दिसलं.

पाणी चालतंय का हे बघायला लेट्यूसच्या ‘ग्रँड रॅपिड्स’ वाणाच्या बिया घेतल्या. त्या अंधारात रुजायला कुरकुरतात, म्हणून चाचणीला सोयीच्या. शंभरपट विरळ धूरपाण्यात अंधारातही भराभर रुजल्या. दहापट विरळात त्याहून कमी. न मिसळलेल्यात शून्य. जास्त धूर म्हणजे विषच.

शिरीषावर काहीही परिणाम नाही. मी दोन दिवस कोड्यात, आणि मॅडमचं एकच वाक्य : “दार बंद असलेल्या घरात निरोप कसा पोचणार?” आधी तापवून मग धूरपाणी दिलं तरी नुसत्या पाण्याइतक्याच रुजल्या. तिला निरोप नकोच आहे, किल्ली हवी आहे.

२७ एप्रिल

कुसळी. तासभर नुसती बघत बसले.

बीच्या मागे लांब काळपट कूस, दोरीसारखा पीळ असलेलं, मधे कोपरासारखं वाकलेलं. बशीतल्या सैल मातीवर बी ठेवली, कुसावर पाण्याचा एक थेंब टाकला. काही सेकंद काहीच नाही, मग पीळ उलगडायला लागला आणि कूस घड्याळाच्या काट्यासारखं फिरू लागलं. त्याचं टोक मातीच्या ढेकळाला अडलं, तशी बी स्वतःच फिरली. टोकाला मागे वळलेले केस असतात, त्यामुळे आत गेलेली बी परत बाहेर सरकत नाही. सुकू दिलं तर पीळ उलटा. पुन्हा थेंब, पुन्हा गिरमिट. पाच-सहा फेऱ्यांत बी दिसेनाशी झाली.

गवताची आग झरझर पुढे जाते, खाली फारशी तापवत नाही. ट्रेमध्ये पृष्ठभागावर पडलेल्या कुसळीच्या बिया कोळसा झाल्या. १ सेंमी आत गेलेल्यांपैकी पुष्कळ वाचल्या. हिच्याकडे टणक आवरण नाही, ही सरळ खाली निघून जाते. काका म्हणाले, “आणि आमच्या पायमोज्यातही.”

८ मे

जळलेल्या उतारावर. इथला वणवा फेब्रुवारीतला, आम्ही सुरू करण्याआधीचा, त्यामुळे त्याचं तापमान कोणाकडेच नाही. राखेच्या रंगावरून वाचायचं. बहुतेक जागा काळी. एका ठिकाणी मात्र पडलेलं झाड पूर्ण जळून गेलंय आणि त्याच्या आकाराचा, साधारण पाच मीटर लांब, पांढरा पट्टा जमिनीवर उमटलाय. जणू झाडाची सावली उलट्या रंगात.

तापमान आपोआप नोंदवत राहणारे डेटा लॉगर पुरले. जळलेल्या भागात १ सेंमीवर दुपारी दोनला ६० अंश! न जळलेल्या भागात, पाल्याखाली, तेवढ्याच खोलीवर ३६. आग विझून तीन महिने झालेत आणि माती अजून तापतेय, कारण वरची सावली गेली आणि काळी राख ऊन पिते. रात्री २४ पर्यंत उतरते. रोजचं हे वर-खाली काही टणक बियांना आगीवाचूनही उघडतं.

म्हणजे पावसात इथे शिरीष उगवला तर श्रेय कुणाचं? आगीचं की उन्हाचं? आता हा प्रश्न डोक्यातून जाईना. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “ऊन किती खोल जातं ते मोज, उत्तर मिळेल.” खाली ६ सेंमीवर आणखी दोन लॉगर पुरून आले.

२१ जून

पहिला दमदार पाऊस. एक लॉगर वाहून गेला. उतरणीला धरून खाली गेले तर दोन झुडपांत अडकलेला, झाकण उघडं, आत चिखल. मे महिन्याचे आकडे तेवढे आधीच उतरवून घेतले होते.

६ जुलै

उगवलं!

पांढऱ्या पट्ट्यात काही नाही. एक पातंसुद्धा नाही. आणि पट्ट्याच्या कडेनं, हातभर रुंदीत, शिरीषाच्या रोपांची दाट झालर. त्याबाहेर पुन्हा तुरळक. कुसळी मात्र सगळीकडे, पांढरा पट्टा सोडून.

इथे वर शिरीषाची मोठी झाडं नाहीत, वणव्यात गेलेलं ते एकच असावं. म्हणजे या बिया कितीतरी वर्षं मातीत होत्या. मुंग्या, उंदीर, वाहून येणारी माती, कुणी ना कुणी त्यांना खाली नेलं.

१९ जुलै

परवानगी घेऊन झालरीतली निम्मी रोपं मोजणीसाठी उपटली. उपटणं म्हणजे खुरप्यानं माती सैल करून, पाणी सोडून, अख्खं मूळ काढणं. एकेक रोप दहा मिनिटं.

खोली कशी कळते? खोडाचा जमिनीबाहेरचा भाग हिरवट, आतला उजेडाविना पांढरट. हिरव्या-पांढऱ्याच्या सीमेपासून बारीक मुळं सुटतात तिथपर्यंत पट्टीनं मोजायचं. जेवढं पांढरं, साधारण तेवढ्या खोलीवर बी होती.

पांढऱ्या पट्ट्याला अगदी लागून आलेली रोपं ५ ते ७ सेंमीवरून आलेली. तिथून वीतभर बाहेर ३ ते ४. झालरीच्या बाहेरच्या कडेला १ ते २. ओंडक्यापासून जसजसं लांब जावं तसतशी खोली कमी, एखादा उतार मातीच्या आत आखल्यासारखी. एप्रिलमधल्या मनगटाएवढ्या लाकडाच्या तारा आठवल्या.

उथळ रोपांचं मला सांगता येणार नाही, तिथे ऊनही पोचत होतं. पण ६ सेंमीवरच्या लॉगरनं संपूर्ण मे महिन्यात ३८ च्या वर काही दाखवलेलं नाही. मॅडमनी लगेच टोकलं, “मऊ बिया त्या खोलीवरही असतात, त्या आपोआपच येतात. झालरीबाहेर बघ.” बाहेर तेवढंच क्षेत्र आखून तिथलीही निम्मी रोपं काढली. ५ सेंमीहून खोल एकच निघालं. झालरीत १४ होती.

शेवटचं रोप काढलं तेव्हा अंधार पडत आला होता. पांढरं खोड साडेसहा सेंमी. एका दलावर टरफल अजून टोपीसारखं बसलेलं. नखानं सोडवून लेन्सखाली धरलं, टॉर्च तोंडात. नाभीच्या शेजारी, उंचवट्याच्या जागी, तो खड्डा. टरफल डबीत टाकलं, चिठ्ठीवर लिहिलं : कड, ६.५ सेंमी, बूच उघडं. रोप तिथेच परत लावलं, मूळ फारसं दुखावलं नव्हतं.